स्थावर आणि जंगम

बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण एक खोड काही सुटत नाही. एखादी सुंदर जागा दिसली, की मनात पहिला प्रश्न येतो, ‘ही कोणाच्या नावावर आहे?’ समुद्र, डोंगर, सूर्यास्त वगैरे सगळं नंतर. शेतीकर्जाच्या टेबलावर निम्मी नोकरी काढल्याचा हा परिणाम. सातबारा, फेरफार, ‘इतर हक्कां’तले बोजे आणि वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट यांनी माझ्या कादंबऱ्यांना पात्रं पुष्कळ पुरवली, निर्मळ मनाने निसर्ग बघायची शक्ती मात्र काढून घेतली.

त्यामुळे कॅलिफोर्नियात, सॅन होजेला लेकीकडे मुक्काम असताना ती म्हणाली, “बाबा, शनिवार-रविवार मॉन्टरेला जाऊ. समुद्र आहे, नामांकित मत्स्यालय आहे, आईला आवडेल,” तेव्हा मी विचारलं, “त्या काउंटीचं रजिस्ट्रार ऑफिस कुठे असतं गं?”

“लोक तिथे देवमासे बघायला जातात,” ती म्हणाली, “आणि तुम्ही फाइली बघणार?”

फाइली बघायला मिळाल्या नाहीत. कचेरी सलिनास गावात आहे आणि आम्ही गेलो तो शनिवार होता. पण त्याआधी महिनाभर घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयात बसून मी या काउंटीचा जमेल तेवढा सर्च घेतला होता. तीस वर्षांचा नव्हे, अडीचशे वर्षांचा. कायद्याच्या पुस्तकात मालमत्तेचे दोन प्रकार असतात. जमीनजुमला, घरदार हे स्थावर. गुरं, दागिने, गोदामातला माल हे जंगम. या भेदावर विसंबून मी आयुष्यभर कर्जं मंजूर केली. मॉन्टरे काउंटीने तो भेद पार विस्कटून टाकला.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. कॅलिफोर्नियात आज अशा ५८ आहेत. १८५० साली राज्य झालं तेव्हा २७ होत्या, त्यांतली ही एक. जमीन सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून किंचित मोठी. माणसं मात्र २०२० च्या शिरगणतीत ४,३९,०३५ एवढीच. उत्तरेकडून आलं की पाहारो नदीच्या पुलावर काउंटीची हद्द सुरू होते. उजव्या हाताला मॉन्टरेचा उपसागर, डावीकडे शेतं. दक्षिणेला गेलं की सान्ता लुसिया नावाचे डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसलेले. त्यांतलं कोन पीक हे शिखर दीड हजार मीटरांहून उंच आणि समुद्रापासून जेमतेम पाच किलोमीटरवर. डोंगरांच्या पाठीमागे सलिनासचं लांबलचक सपाट खोरं आणि त्यातून दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी सलिनास नदी. ही नदी उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी दिसतच नाही, वाळूखालून वाहते.

आणखी एक खोरं आहे, ते पाण्याखाली. मॉस लँडिंग नावाच्या छोट्याशा बंदराच्या तोंडाशीच समुद्राचा तळ एकदम खचतो आणि एक प्रचंड दरी सुरू होते. ती पुढे साडेतीन किलोमीटरहून अधिक खोल जाते. किनाऱ्याच्या इतकं जवळ एवढं खोल पाणी फार थोड्या ठिकाणी सापडतं. वसंत-ग्रीष्मात वायव्येचे वारे किनाऱ्याचं वरचं पाणी बाहेर ढकलतात आणि तळातलं थंडगार, खतासारखं सकस पाणी वर येतं. त्यावर समुद्रात अफाट मासळी पोसली जाते. त्याच थंड पाण्यावरून येणाऱ्या हवेचं धुकं होतं, ते रोज खोऱ्यात शिरतं आणि ऐन जुलैत लेट्यूसची पानं कोवळी राहतात. मासा आणि पाला, दोन्ही एकाच गारठ्याची लेकरं.

आता सर्च रिपोर्ट.

पहिली नोंद आहे ती चुकीच्या व्हॅल्युएशनची. डिसेंबर १६०२ मध्ये सेबास्तियान विस्काइनो हा स्पॅनिश दर्यावर्दी इथे नांगर टाकून गेला. त्याने उपसागराला मेक्सिकोच्या व्हाइसरॉयचं, मॉन्टरेच्या काउंटचं, नाव दिलं आणि वर कळवलं की सगळ्या वाऱ्यांपासून सुरक्षित असं हे उत्तम बंदर आहे. वस्तुतः हा उपसागर सताड उघडा आहे. पण वरिष्ठांच्या नावाने ज्याचं बारसं केलं ते बंदर सामान्य कसं असेल? असे रिपोर्ट मी पुष्कळ पाहिले आहेत. परिणाम असा झाला, की १६७ वर्षांनी, १७६९ मध्ये, गास्पार दे पोर्तोला तोच रिपोर्ट हातात घेऊन खुष्कीच्या मार्गाने इथे पोहोचला, किनाऱ्यावर उभा राहिला आणि त्याला बंदर ओळखताच आलं नाही. मंडळी तशीच उत्तरेला गेली आणि ध्यानीमनी नसताना सॅन फ्रान्सिस्कोचा खराखुरा उत्तम उपसागर त्यांना सापडला. मॉन्टरे ‘सापडलं’ ते पुढच्या वर्षी. ३ जून १७७० रोजी हुनिपेरो सेरा या धर्मगुरूने ओकच्या झाडाखाली प्रार्थना म्हटली आणि जमीन स्पेनच्या राजाच्या नावे लागली.

त्या दिवशी तिथे रुमसेन लोक राहत होते, डोंगरात एसेलेन, दक्षिणेला सलिनन. त्यांच्याकडे कागद नव्हता. मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला की परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं भराभर गेली. सेरा १७८४ मध्ये वारला, कार्मेलच्या मिशनमध्ये त्याचं दफन झालं आणि २०१५ मध्ये त्याला संतपद मिळालं. ते जाहीर झालं तेव्हा या भागातल्या मूळ रहिवाशांच्या अनेक वंशजांनी विरोध केला. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर १८३४ पासून मिशनांच्या जमिनी मोकळ्या करायचं ठरलं. त्यांतला मोठा हिस्सा मूळ रहिवाशांना मिळावा असं कागदावर होतं. मिळाल्या त्या बहुतेक वजनदार मेक्सिकन कुटुंबांना, हजारो एकरांच्या रांचोंच्या रूपाने.

या रांचोंचे नकाशे पाहून मी थक्क झालो. हाताने काढलेले, रंगवलेले, एखाद्या शाळकरी मुलाच्या चित्रकलेच्या वहीत शोभतील असे. हद्द कुठून कुठे, तर अमुक ओकपासून तमुक ओढ्यापर्यंत. मोजणी घोड्यावर बसून, कातडी दोरी टाकत. आपल्याकडे ‘पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस आंब्याचे झाड’ असं लिहिलेले दस्त मी पाहिले आहेत, त्यामुळे हसायची हिंमत झाली नाही. जोवर गुरांना चरायला मोप रान होतं आणि शेजारी ओळखीचा होता, तोवर एवढी मोजणी पुरत होती.

मधे एक गंमत. ऑक्टोबर १८४२ मध्ये अमेरिकन नौदलाच्या थॉमस जोन्स नावाच्या कमोडोरने, युद्ध सुरू झालं आहे अशा समजुतीने, मॉन्टरे ताब्यात घेऊन टाकलं. मग कळलं, युद्ध नाहीच. त्याने निशाण उतरवलं, माफी मागितली आणि शहर परत केलं. चार वर्षांनी, ७ जुलै १८४६ रोजी, दुसरा कमोडोर आला तेव्हा युद्ध खरोखरच सुरू होतं आणि या वेळी निशाण उतरलं नाही. १८४९ च्या शरद ऋतूत मॉन्टरेच्या कोल्टन हॉलमध्ये ४८ प्रतिनिधींनी कॅलिफोर्नियाची राज्यघटना तयार केली. ती इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाली. इमारत अजून आहे, आम्ही पाहिली. साधीच, दगडी, प्रेमळ वाटणारी.

पण कारभारी बदलला की कागद बदलतो. १८५१ च्या कायद्याने प्रत्येक मेक्सिकन जमीनदाराला सांगितलं, की तुमची मालकी तुम्ही आमच्यासमोर सिद्ध करा. तीन आयुक्तांपुढे आठशेवर दावे आले. भाषा इंग्रजी, वकील इंग्रजी, फी डॉलरात. अंतिम सनद हाती यायला सरासरी सतरा वर्षं लागली. सतरा वर्षं वकिलाची फी, वर कर, आणि पैसा नाही म्हणून महिन्याच्या व्याजाने काढलेलं कर्ज. शेवटी दावा जिंकला तरी जमीन सावकाराची. यात मला नवीन काही वाटलं नाही, हे सांगताना बरं वाटत नाही.

खुद्द मॉन्टरे शहराचीही गत हीच झाली, आणि ती मात्र ऐकण्यासारखी आहे. जुन्या स्पॅनिश रिवाजाने शहराच्या मालकीची सुमारे तीस हजार एकर जमीन होती. ती आयुक्तांपुढे सिद्ध करायला शहराने डिलॉस अॅशली नावाचा वकील दिला. तो दावा जिंकला आणि त्याने बिल लावलं, ९९१ डॉलर ५० सेंट. तिजोरीत खडखडाट. मग ९ फेब्रुवारी १८५९ रोजी बिल चुकवण्यासाठी जमिनीचाच लिलाव झाला. बोली किती, तर १,००२ डॉलर ५० सेंट. वरचे अकरा डॉलर लिलावाच्या खर्चाचे! एकरी साडेतीन सेंटांहून कमी. बोली लावणारे दोघे, स्वतः अॅशली आणि त्याचा भागीदार डेव्हिड जॅक्स. हा जॅक्स मूळचा स्कॉटलंडचा, सोन्याच्या लाटेत इथे आलेला. सोनं खणायच्या भानगडीत न पडता व्याजबट्ट्याने आणि थकलेल्या करांच्या जमिनी उचलून तो श्रीमंत झाला. पुढे अॅशलीचा हिस्साही त्यानेच घेतला. त्याच्या जमिनीवर बसलेल्या लोकांनी त्याला जिवे मारायच्या धमक्या दिल्या. शहराने खटला भरला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०६ मध्ये निकाल लागला. जिंकला जॅक्स.

मी त्या व्यवहाराची कागदं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तपासली. ठराव आहे, अधिकार आहे, लिलाव आहे, पावती आहे. आमच्या पॅनेलवरच्या कुठल्याही वकिलाने ‘टायटल क्लिअर अँड मार्केटेबल’ असा शेरा मारला असता आणि त्याखाली मी सही केली असती. पिझ्झ्यावर घालतात त्या ‘मॉन्टरे जॅक’ चीजचं नाव याच गृहस्थावरून पडलं असं सांगतात. त्याला आव्हान देणारे दुसरे दावेदारही आहेत. जॅक्सच्या बाबतीत दावा लागला नाही अशी एकही गोष्ट नसावी.

जॅक्सने १८८० मध्ये द्वीपकल्पावरची सुमारे सात हजार एकर जमीन रेल्वेशी संलग्न कंपनीला एकरी पाचेक डॉलरने विकली. आज जिथे पेबल बीचची जगप्रसिद्ध गोल्फ मैदानं आहेत, तो पट्टा त्यातलाच. त्याच जमिनीच्या कडेला, पॉइंट अलोन्स नावाच्या खडकाळ टोकावर, चिनी कोळ्यांचं गाव होतं, १८५० च्या दशकापासूनचं. जाळी तोडण्यावरून दुसऱ्या कोळ्यांशी तंटे झाले तेव्हा चिन्यांनी दिवसाची मासेमारी सोडली आणि रात्रीची धरली. होडीच्या टोकाला लोखंडी जाळीत चिरफळ्या पेटवायच्या आणि उजेडाला भुललेली माकुलं उचलायची. मग ती मीठ लावून रानावर वाळत घालायची. मुंबईच्या माहेरवाशिणीला सुक्या मासळीचा वास म्हणजे माहेर, पण मॉन्टरेच्या हॉटेलातल्या श्रीमंत पाहुण्यांना तो खपेना. कोळी तिथे भाडेकरू होते. जमीनमालक कंपनीला ते नको झाले होते. १६ मे १९०६ च्या रात्री गाव जळलं. लोक जमले ते बघायला, आणि काही लुटायला. त्या टोकावर आता स्टॅनफर्ड विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र आहे. स्टॅनफर्डच्या मुख्य आवारातल्या एका इमारतीला जॅक्सच्या मुलीचं नाव आहे. हे दोन्ही एकाच विद्यापीठाचं असणं हा योगायोगच. पण कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने ओढूनताणून आणलेला म्हणून कापला असता.

माकूल मात्र टिकली. आजही मॉन्टरेच्या कोळ्यांची ती मोठी मासळी आहे आणि अजूनही ती रात्री, दिव्यांच्या उजेडात धरतात.

टिकली नाही ती तारली. इंग्रजीतली सार्डिन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे डबाबंद तारलीचे कारखाने निघाले. सिसिलीहून आलेल्या कोळ्यांनी लाम्पारा नावाचं वेढ्याचं जाळं आणलं. पहिल्या महायुद्धात सैन्याला डबे हवे होते. मागणी काही वर्षांत कितीतरी पट वाढली. मग खरी गोम लक्षात आली, की माणसांच्या जेवणापेक्षा कोंबड्यांच्या खाद्यात, खतात आणि तेलात जास्त पैसा आहे. डब्यात जाईल तो मासा थोडा, भट्टीत जाईल तो अमाप. १९४१-४२ च्या हंगामात सुमारे अडीच लाख टन मासा उतरला. किनाऱ्यालगतच्या एका रस्त्यावर वीसेक कारखाने दाटीवाटीने उभे होते. भोंगा वाजला की बायका अपरात्री उठून कामावर पळत. प्रत्येक कारखान्याच्या भोंग्याचा सूर वेगळा, म्हणजे झोपेतही आपला कोणता ते कळावं.

त्याच रस्त्यावर एडवर्ड रिकेट्स नावाचा एक माणूस छोट्याशा प्रयोगशाळेत शाळा-कॉलेजांना पुरवायला समुद्रातले जीव जमवत बसलेला असे. पदवी नव्हती, पण किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीवर १९३९ मध्ये निघालेलं त्याचं पुस्तक आजही अभ्यासतात. सलिनासला जन्मलेल्या जॉन स्टाइनबेकचा तो जिवलग दोस्त, आणि ‘कॅनरी रो’ या १९४५ च्या कादंबरीतल्या डॉकचा मूळ पुरुष. रिकेट्स आकडे मांडून सांगत होता, की हंगामामागून हंगाम काय चाललं आहे ते बघा. कोणी फार मनावर घेतलं नाही. कादंबरी छापून आली आणि दोन-तीन वर्षांत तारली गेली. मे १९४८ मध्ये रिकेट्सच्या गाडीला रेल्वेच्या फाटकावर गाडीने उडवलं, त्यातच तो वारला.

तारली का गेली, याचं उत्तर एका ओळीचं नाही. समुद्रतळाच्या गाळाचे थर काढून त्यांतले माशांचे खवले मोजले, तेव्हा दिसलं की माणसाने जाळं टाकायच्या कितीतरी आधीपासून तारली काही दशकं फुगते आणि काही दशकं ओसरते. पाणी थंड झालं की मागे हटते. म्हणजे ओहोटी येणारच होती. पण नेमकी ओहोटी लागत असताना शहर भरतीच्या वेगाने उपसत राहिलं. यात कारखानदार मूर्ख होते असं मला म्हणवत नाही. इमारत बांधलेली, यंत्रं बसवलेली, कर्जाचे हप्ते चालू. हप्त्याला हंगाम कळत नाही. मासा जंगम; त्याच्या भरवशावर त्यांनी स्थावर उभं केलं, आणि कुठल्यातरी शाखेतल्या माझ्यासारख्याच अधिकाऱ्याने ते तारण घेतलं असणार. १९६७ मध्ये राज्याने तारली पकडायला बंदी घातली, १९८६ मध्ये थोडी सैल केली, आणि साठा पुन्हा घसरल्यावर २०१५ मध्ये पूर्ण किनाऱ्यावर तिची व्यापारी मासेमारी परत थांबवली गेली.

शेवटचा कारखाना १९७३ मध्ये बंद पडला. त्याच जागी ऑक्टोबर १९८४ मध्ये मत्स्यालय उघडलं, ज्यासाठी आम्ही निघालो होतो. जुन्या कारखान्याचे बॉयलर आत तसेच जपून ठेवले आहेत. पुढच्या दालनात, गोल टाकीत, तारल्यांचा थवा चांदीच्या साखळीसारखा फिरत होता. बायको बराच वेळ मान वर करून उभी होती. मग म्हणाली, “आपल्याकडे या वाट्यावर मिळतात!”

तिथून सलिनास वीस मैलांवर, आणि जग वेगळं. मैलोन् मैल सरळ रेघा ओढल्यासारखे वाफे. लेट्यूस, ब्रोकोली, स्ट्रॉबेरी, आणि किनाऱ्याकडे कॅस्ट्रोव्हिलला आर्टिचोक. १९२० च्या दशकात बर्फ भरलेल्या रेल्वेच्या डब्यांतून लेट्यूस पूर्वेकडे जाऊ लागलं आणि खोरं श्रीमंत झालं. अमेरिकेचा सॅलडचा वाडगा म्हणतात याला. हिवाळ्यात थंडी वाढली की इथल्या कंपन्या पॅकिंगची यंत्रं ट्रकांवर चढवतात आणि सगळा कारखाना ॲरिझोनातल्या युमाला हलतो, वसंतात परत. म्हणजे इथे शेतीसुद्धा जंगमच.

पाला खुडणारे हात सतत बदलत गेले: चिनी, जपानी, फिलिपिनो, मेक्सिकन. १९४२ मध्ये सलिनासच्या रोडिओ मैदानात काही महिने साडेतीन हजारांवर जपानी वंशाच्या लोकांना डांबलं होतं. त्यांतले कित्येक याच खोऱ्यात शेती करणारे. १७ सप्टेंबर १९६३ ला चुआलार गावाजवळ शेतमजुरांनी भरलेला ट्रक रेल्वेखाली सापडला, ३२ जण गेले. कराराने आणलेले मेक्सिकन मजूर होते ते. पुढच्या वर्षी ती करार-योजनाच संपली. १९७० च्या उन्हाळ्यात हजारो मजुरांनी संप केला, आणि त्यांचे नेते सेझार चावेझ डिसेंबरात सलिनासच्या तुरुंगात होते. स्टाइनबेकला १९६२ मध्ये नोबेल मिळालं ते बरंचसं याच मजुरांच्या दुनियेवर लिहून. जमीनदार त्याच्यावर वर्षानुवर्षं रागावलेले होते. १९६८ मध्ये वारला तेव्हा त्याच्या अस्थी इथेच आणल्या. आता गावात त्याच्या नावाचं मोठं केंद्र आहे. लेखक मेला की त्याचं टायटल क्लिअर होतं.

ज्या पाहारो नदीच्या पुलावरून आम्ही काउंटीत शिरलो, तिच्या काठी त्याच नावाचं गाव आहे, जवळपास तीन हजार वस्तीचं, बहुतेक शेतमजुरांचं. १९४९ मध्ये बांधलेला मातीचा बांध कमकुवत आहे हे सरकारी इंजिनियरांना कित्येक दशकं ठाऊक होतं. पण दुरुस्तीला मंजुरी देताना लाभ-खर्चाचं गुणोत्तर मांडतात. घरं स्वस्त, म्हणून वाचणारी मालमत्ता कमी, म्हणून लाभ कमी. ११ मार्च २०२३ च्या मध्यरात्री बांध फुटला आणि अख्खं गाव पाण्यात गेलं. हे गुणोत्तर मीही प्रकल्प-अहवालांत अनेकदा काढलं आहे, दोन दशांश स्थळांपर्यंत.

समुद्रही आत येतो आहे, तो मात्र न दिसता. विहिरींनी भूजल उपसलं तसं किनाऱ्याकडच्या जमिनीखाली खारं पाणी शिरायला लागलं. १९३० च्या दशकापासून हे माहीत आहे. वरून बघितलं तर शेत हिरवंगार, खाली काही मैल आतपर्यंत समुद्र. १९९८ पासून कॅस्ट्रोव्हिलच्या आसपासच्या सुमारे १२,००० एकरांना शहरांचं सांडपाणी शुद्ध करून देतात, त्याने घुसखोरी थोडी मंदावली.

आणि खुद्द जमीन? ती तर शब्दशः चालते. सान ॲन्ड्रियास नावाची भूकंपाची भेग काउंटीच्या आग्नेय कोपऱ्यातून जाते. तिच्या पश्चिमेचा सगळा भाग, म्हणजे जवळजवळ सगळी काउंटी, वर्षाला काही सेंटिमीटर वायव्येला सरकते. सान्ता लुसियाचा ग्रॅनाइट शेकडो किलोमीटर दक्षिणेहून असा सरकत आलेला आहे. भेगेवरच्या पार्कफील्ड या चिमुकल्या गावात १८५७ पासून साधारण बावीस वर्षांच्या अंतराने सहा भूकंप झाले, शेवटचा १९६६ मध्ये. शास्त्रज्ञांनी गणित केलं, पुढचा १९९३ च्या आत येणार, आणि उपकरणं लावून बसले. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ रोजी. अकरा वर्षं थकबाकीत गेलेलं खातं एके दिवशी स्वतःहून येऊन रक्कम भरून जावं, तसा.

रविवारी आम्ही बिग सुरचा रस्ता धरला. समुद्र आणि कडा यांच्या मधून जाणारा हा हायवे नंबर एक १९३७ मध्ये पुरा झाला. बराच भाग कैद्यांच्या श्रमांनी. तो बांधला तेव्हापासून डोंगर त्याला समुद्रात ढकलतो आहे. २० मे २०१७ रोजी मड क्रीक इथे डोंगराचा उतारच्या उतार खाली आला, आणि जिथे पाणी होतं तिथे सुमारे १३ एकर नवी जमीन तयार झाली. मी जावयाला म्हणालो, “आता ही कोणाच्या नावावर?” तो बिचारा सभ्य माणूस. “बघून सांगतो, बाबा,” म्हणाला. पण लाटांनी ती नवी जमीन लगेच खायला सुरुवात केली होती.

बिक्सबीच्या उंच कमानीच्या पुलाशी सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. त्या ओढ्याच्या तोंडाशी १९३८ मध्ये पन्नासेक समुद्री पाणमांजरं दिसली होती. मऊ केसांच्या कातड्यासाठी व्यापाऱ्यांनी ती इतकी मारली होती, की कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून ती संपली असंच बहुतेक धरून चालले होते. आज तिथे दिसतात ती सगळी त्या पन्नासांची संतती.

एसेलेन लोकांचंही तसंच झालं. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मूळ जमातींवरचा जो प्रमाणग्रंथ निघाला, त्यात त्यांची नोंद पूर्णपणे नामशेष अशी आहे. माणसं होती, रांचोंवर, शेतांवर, दुसऱ्या नावांनी. पेन्शनरला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. समोर उभा असतो, बोलत असतो, तरी कागद लागतो. मी स्वतः कितीकांना सांगितलंय, “आजोबा, तुम्ही दिसताय हो, पण फॉर्म?” या लोकांनी तो फॉर्म भरायला तीन पिढ्या घालवल्या. केंद्र सरकारची मान्यता त्यांना मिळालेली नाही. पण जुलै २०२० मध्ये मॉन्टरे काउंटीच्या एसेलेन जमातीच्या संस्थेच्या नावे, बिक्सबीच्या थोडं आत, लिटल सुर नदीच्या काठची १,१९९ एकर जमीन झाली. किंमत ४५ लाख डॉलर, राज्य सरकारच्या अनुदानातून. सेराच्या त्या ओकखालच्या प्रार्थनेला अडीचशे वर्षं झाली होती. जुने रेडवुड वृक्ष, नदीत स्टीलहेड मासा, वर काँडोर गिधाडं. सलिनासच्या बंद कचेरीत मला जो दस्त बघायचा होता, तो हा.

ती जमीन रस्त्यावरून दिसत नाही. दिसतो तो पिको ब्लँको, लिटल सुरच्या पुलापुढे, दुधट माथ्याचा टोकदार डोंगर. एसेलेन आणि रुमसेन लोकांच्या कथांत जगाची सुरुवात तिथून होते. गाडी बाजूला घेतली. नात मागे झोपलेली होती.

“काय सुरेख डोंगर आहे!” बायको म्हणाली.

“विचारा ना बाबा,” लेक म्हणाली, “कोणाच्या नावावर आहे ते.”

मी सांगितलं. माथा पांढरा आहे तो चुनखडीमुळे. उत्तम प्रतीची चुनखडी. एका दगड-कंपनीला ती खणायची होती; राज्याने परवाना मागितला, कंपनी म्हणाली जमीन केंद्राची, तुमचा काय संबंध. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८७ मध्ये निकाल लागला, राज्याला परवाना मागता येईल.

“म्हणजे डोंगर वाचला?”

“परवाना लागेल, एवढंच म्हटलंय,” मी म्हणालो.

धुकं तोवर पुलापर्यंत आलं होतं. जावई म्हणाला, दिवे लावून निघू या, पुढे वळणं आहेत.